मुलांची जिज्ञासा वाढावी यासाठी पालकांनी काय करावे?

मुलाने प्रश्न विचारताच उत्तर सांगून मोकळे होऊ नये. आधी ‘तुला काय वाटते?’ असे विचारून त्याचा अंदाज त्यालाच पडताळू द्यावा. मराठवाड्यात त्यासाठी साधनांची वाण नाही. वेरूळचे सोळावे लेणे, म्हणजे कैलास, एकाच कातळातून वरून खाली कोरत आणले आहे. हे आधीच न सांगता मुलाला तिथे न्यावे, ‘कारागिरांनी सुरुवात कुठून केली असेल?’ एवढेच विचारावे आणि कळसापासून पायापर्यंत त्याला हवा तितका वेळ निरखू द्यावे. उन्हाळ्यात रानाला भेगा का पडतात, हे तर घरीही पाहता येते: एका ताटलीत काळी माती, दुसरीत वाळू भिजवून उन्हात ठेवावी. ओलाव्याने फुगलेली माती वाळताना आकसते, हे मूल स्वतःच ओळखते. घाई मात्र करू नये.