कटसीन बघायचा की उडवायचा?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ एकाच पीसीवर खेळतो. कटसीन (गेम थांबवून मधेच दाखवतात ते दृश्य) आला की थोरला लगेच बटण दाबून उडवतो. ‘गोष्टच बघायची तर पिक्चरला जा की’ म्हणतो. मला तर गोष्टीशिवाय गेम पुढे न्यावासाच वाटत नाही. कोणाचं खरं? – खानापूर

दोघेही गोष्ट आणि कटसीन एकच समजून भांडताय. ‘हाफ-लाइफ’मध्ये (१९९८) कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांतून शेवटपर्यंत बाहेर येत नाही. सुरुवातीला रुळावरचा डबा प्रयोगशाळेत शिरतो, तुम्ही आत उभं राहून हवं तिकडं बघायचं. जागा केवढी अवाढव्य आहे आणि आत काय चाललंय हे तेवढ्यात कळतं. ‘डार्क सोल्स’नं (२०११) बरीचशी गोष्ट तलवारी-अंगठ्यांच्या वर्णनांत पेरली आहे. यादी उघडून वाचेल त्याला ती मिळते. दुसऱ्या टोकाला ‘मेटल गिअर सॉलिड ४’ (२००८). त्याची शेवटची दृश्यं तासाभराहून जास्त चालतात, मधे चहा करून आलात तरी संपलेली नसतात. आणि टेट्रिसला गोष्टच नाही, कुणाचं काही अडलेलंही नाही.

संगीत नाटकाचं उदाहरण घ्या. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांच्या नाटकात पद म्हणजे संवादच, त्यातूनच प्रसंग पुढे सरकतो. पुढं वन्समोअरचा काळ आला आणि गाण्यापायी नाटकं रात्रभर लांबली. कटसीनही या दोन जातींचेच असतात. ओळखायची खूण सोपी आहे : कंट्रोल हातात परत आल्यावर, बघितलेल्यातलं काही आता हाताला लागतंय का? ‘जीटीए : सॅन अँड्रियास’मध्ये मिशनच्या आधीचा कटसीन उडवला तरी कुठं जायचं ते पडद्यावर येतं, पण का जायचं आणि कुणावर भरवसा नाही हे निसटतं. थोरल्याला सांगा, पहिल्या खेपेला बघ, दुसऱ्यांदा खेळताना खुशाल उडव.

एक मात्र ध्यानात ठेवा. काही कटसीन गोष्टीसाठी नसतात, पुढचा भाग लोड होईपर्यंत वेळ काढायला असतात. ‘मास इफेक्ट’मधल्या (२००७) रेंगाळणाऱ्या लिफ्ट त्यातल्याच. असलं काही उडवून वेळ वाचत नाही, पडद्यावर नुसती पट्टी सरकताना बघायची.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे तिघे मिळून गोडो इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा गेम करतोय. कटसीन किती लांब ठेवावा आणि कसा करावा? सबटायटल मराठी-कन्नड दोन्ही हवेत. – निपाणी

पहिला कटसीन ३० सेकंदांच्या आत संपवा. तेवढ्यात खेळाडू कोण, त्याला काय हवं आणि वाट कुठली, इतकं कळलं की पुरे. आधी पात्रांच्या जागी राखाडी ठोकळे हलवून बघा. ते बघतानाच कंटाळा आला तर रंग चढवून सुधारणार नाही. व्हिडिओ फाईलच्या नादी लागू नका. सेकंदाला १० मेगाबिटनं (एमबीपीएस) एक मिनिट म्हणजे ७५ एमबी, वर एक वाक्य बदललं की पुन्हा रेंडर, म्हणजे व्हिडिओ नव्यानं तयार करणं. शिवाय गोडोत मुळात ऑग थिओरा या प्रकारचा व्हिडिओ चालतो, एमपी४ नाही. गोडोतल्याच ॲनिमेशनप्लेयरवर, इंजिनमध्येच करा.

खरी फजिती होते ती कटसीन उडवण्यात. समजा, शेवटच्या फ्रेमला दार उघडतं. खेळाडूनं मधेच उडवला की ती फ्रेम येतच नाही, दार बंद राहतं आणि गेम तिथंच अडकतो. म्हणून शेवटची स्थिती वेगळ्या फंक्शनमध्ये लिहा : दार, पात्राची जागा, कॅमेरा, संगीत, कंट्रोल परत देणं. कटसीन पूर्ण झाला काय किंवा उडवला काय, दोन्ही वाटांनी हेच फंक्शन चालायला हवं. ते एकदाच चालेल असा फ्लॅगही (‘झालं’ची खूण) लावा. नाहीतर शेवटच्या अर्ध्या सेकंदाला कुणी उडवलं की ते दोनदा चालतं आणि बक्षिसाची नाणी दुप्पट होतात. तपासताना पहिल्या सेकंदाला, मध्यावर आणि अगदी शेवटी, असं तीनदा उडवून बघा. बटण एक सेकंद दाबून धरल्यावरच उडू दे, नुसता धक्का लागून नको. नुसता कंट्रोल काढून घेऊ नका, शत्रूही थांबवा. नाहीतर नायक भाषण करता करता मरतो.

कटसीन संपल्या संपल्या ऑटोसेव्ह ठेवा. बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) आधी सेव्ह आणि मग कटसीन असा क्रम ठेवलात तर दर मरणाला तेच भाषण ऐकावं लागतं. वीज गेली तरी तीच गत.

सबटायटलसाठी गोडो ४ च घ्या. गोडो ३ मध्ये ‘मित्र’ लिहिलं तर वेलांटी ‘म’च्या उजवीकडं जाऊन पडते आणि ‘त्र’ फुटतो. युनिटी या दुसऱ्या इंजिनातल्या टेक्स्टमेशप्रोचंही हेच दुखणं. नोटो सान्स देवनागरी हा मुख्य फाँट ठेवा आणि नोटो सान्स कन्नड त्याचा फॉलबॅक, म्हणजे मुख्य फाँटात नसलेलं अक्षर त्यातून येईल. कन्नड ओत्तक्षरं (जोडाक्षरातलं खाली येणारं अक्षर) ओळीखाली लोंबतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर मराठीच्या मानानं जास्त ठेवा, नाहीतर खालची ओळ त्यांना चिकटते. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं. वाक्यं ॲनिमेशनमध्ये लिहू नका. सीएसव्हीत (तक्त्याची साधी फाईल) एक रकाना मराठी, एक कन्नड.

ओठ-चेहरे हलवायची ऐपत नसेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) बघा. त्यातले कटसीन छायाबाहुल्यांच्या धर्तीवर केले आहेत. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या बघितल्या असतील तर लगेच ओळख पटेल. बाहुलीचे ओठ हलले नाहीत म्हणून कोणी तक्रार करत नाही.

प्रश्न : कटसीनमध्ये ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. टीव्हीवर लावलं तर संवादच बारीक येतात. – शहापूर, बेळगाव

पहिला दोष बहुतेक ब्लूटूथचा. साध्या इअरफोनमध्ये आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या कटसीनमध्ये एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज पाच-सात फ्रेम मागे. वायरचा इअरफोन लावून बघा. तरीही आवाज मागे पडला आणि चित्रही अडखळलं, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा असू शकतो. गेम एसएसडीवर टाका.

टीव्हीला दोनच स्पीकर असताना गेममध्ये सराउंड (चहूबाजूंच्या जास्त स्पीकरांसाठीचा आवाज) निवडलं असेल, तर मधल्या चॅनलचे संवाद हरवतात. ऑडिओत स्टिरिओ करा, संवाद १००, संगीत ६० वर आणा.