आंब्याच्या सावलीत लॉन टिकत नाही. गवतासारखं दिसणारं, कमी निगेचं काय लावावं?

लॉनच्या गवताला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. दाट आंब्याखाली ते मिळत नाही, त्यामुळे कितीही पाणी-खत घातलं तरी वर्षभरात टक्कल पडतंच. तिथे मोंडो ग्रास लावा. नावात ग्रास असलं तरी हे गवत नव्हे, शतावरीच्या कुळातलं झाड आहे. मूळ जपान-चीनकडचं, सावलीत वाढणारं. कापणी लागत नाही. मुळांवरच्या लहान गाठींत पाणी साठतं, म्हणून जम बसल्यावर पाण्याची एखादी पाळी चुकली तरी बिघडत नाही. साधं मोंडो वीत-सव्वा वीत वाढतं, बुटकं जेमतेम 5 ते 8 सेंमी. काळ्या पानांचं दिसतं देखणं, पण आपल्या उन्हाळ्यात ते टिकवणं अवघड. त्याच्या नादी लागू नका.

खरी मेहनत लावण्याआधी आहे आणि ती लव्हाळा हे तण काढण्याची. एकदा मोंडोच्या ठोंबांत लव्हाळा शिरला की दोन्हींची पाती सारखीच दिसतात आणि उपटताना वरचा शेंडा हातात येतो, गाठ जमिनीतच राहते. म्हणून मे महिन्यात वाफा भिजवा, दोन-तीन आठवडे लव्हाळा उगवू द्या आणि खुरप्याने गाठींसकट काढा. हे निदान दोनदा करा. घाई केलीत तर पुढची दोन-तीन वर्षं खुरपणीतच जातील.

माती 10-12 सेंमीच खणा. त्याखाली आंब्याची मुळं दुखावतात. काळी माती असेल तर तीन घमेली मातीला एक घमेलं जाड वाळू आणि एक घमेलं शेणखत मिसळा. खोडाला मात्र मातीची भर देऊ नका.

जूनमध्ये पाऊस लागला की लावणी करा. पिशवीतला ठोंब हाताने फोडा, साधारण चार-सहा फुटवे निघतात. प्रत्येकाला स्वतःची मुळं हवीत. 15 सेंमी अंतराने चौरस मीटरला 45 फुटवे लागतात. बुटकं 10 सेंमीवर लावायचं, म्हणजे 100. पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीच्या पातळीलाच ठेवा. तो पुरला गेला आणि जुलैत पाणी साचलं की मधली पानं कुजतात, ओढली की सुटून येतात.

वाढ मंद असते. जमीन झाकायला दीड-दोन वर्षं धरा, बुटक्याला त्याहून जास्त. तोवर मोकळ्या जागेवर आंब्याचाच पालापाचोळा पातळ पसरा. पहिले तीन महिने माती ओलसर ठेवा. नंतर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी पुरतं. पानांची टोकं तपकिरी झाली तर खत वाढवू नका. बहुधा दुपारचं ऊन किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी नडतं.

त्यावरून रोजची ये-जा असेल तर वाटेवर शहाबादी फरशीचे तुकडे बसवा. मोंडो तुडवणं सोसत नाही.