काळवंडलेलं पितळ घासण्याआधी

जुन्या बुलेटचा पेट्रोल कॉक (टाकीची तोटी) आणि जेट (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा भाग) काळे पडलेत म्हणून हिरमुसू नका. काळेपणा बहुतेकदा वरवरचाच असतो.

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तिथे घासाघीस नको, साबणपाणी पुरे.

अस्सल पितळ असेल तर:
- आधी रॉकेलने तेल-मळ काढा, पॉलिश नंतर.
- चिंच किंवा पितांबरी चालते, पण मिनिटभरच. आंबट जास्त वेळ राहिलं की जस्त निघून जातं आणि तांबूस डाग पडतात. लगेच धुऊन पूर्ण कोरडं करा.
- तारेचा ब्रश आणि जाड पॉलिश पेपर लांब ठेवा. स्क्रूचे आटे आणि कोरलेले आकडे एकदा गेले की परत येत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जेटच्या भोकात तार घालणं. भोक केसभर वाढलं तरी पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारा, मग हवा मारा. जेट बाहेरून चमकवायची गरजच नाही.

अमोनियात भाग भिजत घालू नका, ताणाखालच्या पितळेला तडे जातात. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसं घोड्यांच्या मूत्रातल्या अमोनियामुळे अशीच तडकली होती.

बफिंगचं (मशीनच्या चाकावर चमकवण्याचं) नंतर बघू. आधी कॉक चकचकीत करून फोटो टाका!