लाहुरे, विंडरश आणि भिशी : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात परदेशातल्या जमैकन आणि नेपाळी वस्त्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. काही प्रश्न एकमेकांसारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत समाजशास्त्र शिकते. जमैकन आणि नेपाळी स्थलांतरितांपैकी अमेरिकेत कोण जास्त पुढे गेलं, यावर तिचा प्रकल्प आहे. थोडक्यात उत्तर मिळेल का? (एक पालक, एडिसन)

थोडक्यात सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्यापासून तिला सांभाळा.

प्यू संशोधन संस्थेच्या २०१९च्या आकड्यांनुसार अमेरिकेतल्या नेपाळी कुटुंबाचं मध्यक उत्पन्न वर्षाला साधारण ५५ हजार डॉलर होतं. निम्मी कुटुंबं याच्या वर, निम्मी खाली. सगळ्या आशियाई कुटुंबांचा आकडा ८५ हजारांच्या पुढे होता. मग नेपाळी मागे पडले, असं म्हणून मोकळं व्हायचं का? आधी ‘नेपाळी’ या शब्दात कोण कोण बसलंय ते पाहू. व्हिसाची लॉटरी लागून बायकामुलांसह आलेला काठमांडूचा शिक्षक त्यात आहे. शिकायला येऊन टेक्ससात राहिलेला इंजिनिअर आहे. आणि भूतानने हाकललेले, पूर्व नेपाळच्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं काढून २००८पासून ओहायो-पेनसिल्व्हेनियात आणून वसवलेले नेपाळीभाषक निर्वासितही आहेत. जनगणनेत त्यांच्यातले बरेच जण ‘नेपाळी’ असंच लिहितात. या सगळ्यांची मिळून खिचडी शिजवली की ५५ हजार निघतात.

जमैकनांचा हिशेब निराळा. काळ्यांच्या चळवळीचा जमैकन नेता मार्कस गार्वी १९१६ साली न्यूयॉर्कला आला, तेव्हाही तिथल्या हार्लेम भागात कॅरिबियन वस्ती होती. अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक वसाहतीला वर्षाला फक्त शंभर व्हिसा ठेवले, म्हणून लोंढा ब्रिटनकडे वळला. १९६२ साली जमैका स्वतंत्र झाला, १९६५ साली अमेरिकेचा कायदा बदलला आणि दार पुन्हा उघडलं. त्या दारातून बायका मोठ्या संख्येने आल्या : नर्सा, रुग्णसेविका, घरकामाला आलेल्या. इंग्रजी येत असल्याने आठवड्याभरात काम मिळायचं. काठमांडूचा शिक्षक मात्र पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर बसून पदवीची कागदपत्रं तपासून घेत असतो. एका घरात आजीची पेन्शन आहे, दुसऱ्या घराला येऊन दहा वर्षं झालीत. पंधरा वर्षांचं कलम आणि परवाचं रोप शेजारी ठेवून फळं मोजायची नसतात. मुलीला सांगा, दोन्हीकडची अशी कुटुंबं निवड, ज्यांना येऊन सारखीच वर्षं झाली आहेत.

आणखी एक. अमेरिकेत जमैकनांचं उदाहरण वर्षानुवर्षं एका कामासाठी वापरलं गेलंय : ‘तेही काळेच ना, मग ते कसे पुढे गेले?’ म्हणजे दोष वर्णभेदाचा नाही, संस्कृतीचा. मला हा युक्तिवाद पटत नाही. त्याला उत्तर लंडनमध्ये आहे. त्याच बेटावरची, तीच चर्चं आणि तेच संस्कार घेऊन आलेली माणसं तिकडेही गेली. तिथे १९६०-७०च्या दशकांत त्यांच्या मुलांना मतिमंदांच्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळांत प्रमाणाबाहेर ढकललं गेलं आणि १९८१ साली लंडनचा ब्रिक्स्टन भाग दंगलीत पेटला. संस्कृतीच सगळं ठरवत असती तर न्यूयॉर्क आणि लंडनचे निकाल जुळायला हवे होते. ते जुळत नाहीत. कोणत्या साली, कोणत्या दाराने आणि हातात कोणता कागद घेऊन आलात, यावर फार काही ठरतं.

प्रश्न : आम्ही हॅम्पशरला राहतो. ऑल्डरशॉटच्या बागेत थंडीतसुद्धा म्हातारे नेपाळी बाकांवर बसलेले दिसतात. हे तर ब्रिटिश फौजेतले गुरखे, पेन्शनवाले. मग अशी अवस्था का? (एक वाचक, फार्नबरो)

पेन्शन मिळते, पण तुम्हाला वाटते ती नाही.

१८१५पासून इंग्रज गुरख्यांना फौजेत घेत आहेत. त्याच सुमारास डोंगरातली पोरं रणजितसिंहांच्या सैन्यात भरती व्हायला लाहोरला जात, म्हणून नेपाळीत परदेशी चाकरीला गेलेल्याला आजही ‘लाहुरे’ म्हणतात. १९४७ साली भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार झाला. त्यानंतर ब्रिटिश गुरख्यांची पेन्शन भारतीय लष्कराच्या दरांना बांधली गेली. हिशेब साधा होता : म्हातारा पोखऱ्याच्या गावात राहणार, तिथल्या भावाने त्याचं भागेल. पंधरा वर्षं नोकरी झाली की ती लगेच सुरू व्हायची. पण १९६०च्या दशकाअखेरच्या सैन्यकपातीत हजारो जण पंधरा वर्षं भरायच्या आतच घरी गेले. त्यांना काहीच नाही.

हाँगकाँगचा तळ १९९७ साली हलला. त्यानंतर निवृत्त झालेल्यांना २००४ साली ब्रिटनमध्ये राहायची परवानगी मिळाली. त्याआधीच्यांचं काय, यावर अभिनेत्री जोआना लमली यांनी मोठी मोहीम चालवली. त्यांचे वडील गुरखा रायफल्समध्ये होते. मे २००९मध्ये सरकार नमलं आणि चार वर्षं चाकरी केलेल्या प्रत्येक माजी गुरख्याला दार उघडलं.

राहायचा हक्क मिळाला, पेन्शन मात्र जुनीच राहिली. गावच्या हिशेबाची रक्कम हॅम्पशरच्या भाड्याला कशी पुरणार? मग कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, ‘पेन्शन क्रेडिट’वर, दिवस काढायचे. त्याची अट अशी की चार आठवड्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर ते थांबू शकतं. म्हणजे गावी नातीचं लग्न असलं तरी तारखा मोजून जायचं. सज्ञान मुलांना आपोआप सोबत आणता येत नव्हतं. म्हातारा-म्हातारीला इंग्रजी येत नाही, बस कळत नाही, भाड्याच्या खोलीत हीटर लावायला जीव होत नाही. बाकावर निदान ऊन असतं आणि आपल्या पलटणीतलं कुणीतरी भेटतं.

पण त्याच ऑल्डरशॉटमध्ये १९९७नंतरच्या तुकडीतल्या जवानांची मुलंही आहेत, गृहकर्ज काढलेली, नर्सिंग आणि अकाउंटन्सी शिकलेली. एकाच रस्त्यावर दोन नेपाळ राहतात. बाकावर बसलेला नेपाळ तेवढा दिसतो.

प्रश्न : पन्नास वर्षं इंग्लंडात राहिलेले जमैकन एका दिवसात बेकायदा कसे ठरले? (ठाणे)

एका दिवसात नाही. ‘एम्पायर विंडरश’ जहाज जून १९४८मध्ये टिलबरीला लागलं, तेव्हा उतरलेले लोक साम्राज्याचे प्रजाजन म्हणून आले. त्यांना व्हिसा लागतच नव्हता, म्हणून कागदही नव्हते. १९७३च्या आधी आलेल्यांचा राहण्याचा हक्क कायम होता, पण तो ज्याच्या त्याच्या हातात लिहून कुणी दिला नाही. पुढे २०१०मध्ये गृहखात्याने त्यांची जुनी आगमनपत्रं नष्ट केली. २०१२नंतर सरकारच्या नव्या धोरणामुळे घरमालक, नोकरी देणारे, बँक, दवाखाना, सगळ्यांनी कागद मागायला सुरुवात केली. नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, काहींना देशाबाहेर पाठवलं. २०१८ साली बभ्रा झाला आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, परका म्हणून आलेल्या गुरख्याकडे सेवाक्रमांक होता, फाइल होती. आपलं म्हणून आलेल्या जमैकनाकडे काही नव्हतं.

प्रश्न : डोंबिवलीत वीस वर्षं भिशी चालवते. जमैकन लोकांतही भिशी असते हे खरं का? (एक गृहिणी)

खरं आहे, आणि तुम्हाला तिथे काही नवीन शिकावं लागणार नाही. ते तिला ‘पार्डनर’ म्हणतात. तुमच्यासारखी जी बाई चालवते ती ‘बँकर’, दर आठवड्याचा हप्ता म्हणजे ‘हँड’ आणि आपली पाळी आली की मिळणारी रक्कम म्हणजे ‘ड्रॉ’. नेपाळ्यांत हीच गोष्ट ‘धिकुटी’. ती नेपाळच्या डोंगरातल्या थकाली समाजाच्या व्यापाऱ्यांमध्ये रुजली आणि तिथून सगळीकडे गेली. पार्डनरमध्ये सहसा पाळी ठरलेली असते आणि व्याज नसतं. धिकुटीत बऱ्याच ठिकाणी बोली लागते, आपल्या लिलाव भिशीसारखी.

पन्नासच्या दशकात लंडनमध्ये काळ्या माणसाला बँक कर्ज देत नसे आणि घरमालक खोली देत नसे. तेव्हा पार्डनरच्या पैशातून पडकी, ओलसर घरं विकत घेतली गेली. एका खोलीत स्वतः राहायचं, बाकीच्या गाववाल्यांना द्यायच्या, त्या भाड्यातून पुढचा हप्ता भरायचा. भिशीचं कौतुक करणाऱ्या लेखांत गोष्ट इथे संपवतात. मी संपवणार नाही. आज ब्रिटनमधल्या कॅरिबियन कुटुंबांपैकी निम्म्याहून कमी स्वतःच्या घरात राहतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जमैकन नर्सांनी घरं घेतली, पण २००८च्या आसपास महागड्या, फसव्या कर्जांनी आग्नेय क्वीन्समधली कितीतरी घरं जप्तीत गेली. भिशी घरात शिरवते. घर टिकवायला पगार आणि सरळ कर्ज लागतं.

प्रश्न : आमच्या आंब्याच्या बागेत नेपाळी कुटुंब राखणीला असतं. तुम्ही लिहिता ते ब्रिटन-अमेरिकेचे. हे लोक तुमच्या हिशेबात कुठे बसतात? (एक बागायतदार, रत्नागिरी)

बरं झालं विचारलंत. ब्रिटन-अमेरिकेत गेलेल्या नेपाळ्यांपेक्षा तुमच्या बागेतल्या माणसासारखे लोक कितीतरी जास्त आहेत. १९५०च्या करारामुळे त्याला भारतात यायला व्हिसा लागत नाही. पावसाळा सरला की यायचं, फवारणी, वानरं हाकणं, राखण, काढणी, आणि पाऊस लागायच्या आत परत. बंदरावर गेलात तर मच्छीमार बोटींवरही नेपाळी खलाशी दिसतील.

त्याची तुलना ऑल्डरशॉटच्या सुभेदाराशी करू नका, ऑन्टारियोतल्या जमैकन मजुराशी करा. १९६६ साली कॅनडाने २६४ जमैकन हंगामी शेतमजूर आणले आणि ती योजना अजून चालू आहे. आठ महिन्यांपर्यंत राहायचं, एकाच शेतकऱ्याकडे काम करायचं, हंगाम संपला की घरी. तक्रार केली तर पुढच्या वर्षी बोलावणं येईल याची खात्री नाही. त्याच्याकडे करारपत्र आहे, पण आपल्या मर्जीने मालक बदलायची मुभा नाही. तुमच्या बागेतल्याला उद्या शेजारच्या बागेत जाता येतं, पण फवारताना त्याला काही झालं तर त्याच्या नावाचा कागद कुठेच नसतो. कुणाचं बरं, हे मी ठरवत नाही. त्याचं नाव-गाव-पगार लिहिलेली वही तुमच्याकडे आहे का, एवढं बघा.

घरी जाणाऱ्या पैशांचं म्हणाल तर नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावभाग एवढी रक्कम बाहेरून येते, जमैकाच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढी. जमैकाला ती मुख्यतः अमेरिकेतून येते, नेपाळला बऱ्याच अंशी आखात, मलेशिया आणि भारतातून. जमैकात पैशाबरोबर पिंपंही येतात, कपडे, डबे, वह्या भरून. आईबाप परदेशी आणि मुलं आजीकडे. अशा मुलांना तिथे ‘बॅरल चिल्ड्रन’, म्हणजे पिंपावरची मुलं म्हणतात.

प्रश्न : नेपाळ्यांत जात आहेच. परदेशात ती सुटते का? (नागपूर)

इंग्रजांनी भरती करतानाच जात बघितली. मगर, गुरुंग, राई, लिंबू हे ‘लढवय्ये’, म्हणून घ्यायचे. त्यामुळे ऑल्डरशॉटमधला नेपाळी बहुतेक करून अशा डोंगरी जनजातींतला. अमेरिकेत शिकायला गेलेल्यांत बाहुन (ब्राह्मण), छेत्री (क्षत्रिय) आणि काठमांडू खोऱ्यातले नेवार यांचा भरणा मोठा. भाड्याची खोली बघायला गेलेल्या दलित नेपाळ्याला तिथेही आधी आडनाव विचारलं जातं. या प्रश्नामागे काय असतं ते आपल्याला समजावून सांगायला नको. सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये जातिभेदावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये संसदेने २०१३ साली जात कायद्यात आणायला सांगितलं, २०१८ साली सरकारने हात झटकले.

जमैकातही उतरंड आहे : कातडीची छटा, किंग्स्टनमधला मोहल्ला, शाळा. पण बाहेरच्या गोऱ्या घरमालकाला सगळे सारखेच काळे दिसले, त्यामुळे ती उतरंड निदान बाहेरून तरी सपाट झाली. नेपाळ्यांची जात बाहेरच्याला दिसतच नाही, म्हणून आतल्या आत ती सुखाने जगते.

प्रश्न : क्वीन्समधल्या ‘जमैका’ भागाला जमैकन लोकांमुळे नाव पडलं का? (पुणे)

नाही. ते नाव मूळच्या लेनापे लोकांच्या भाषेतून आलं, अर्थ बीव्हर या प्राण्याशी जोडतात. बेटाशी संबंध नाही. जमैकन तिथे पुढे आले, नेपाळी वरच्या बाजूला जॅक्सन हाइट्स-वुडसाइडला. स्टेशनाबाहेर जमैकन पॅटी, म्हणजे सारण भरलेली खारी, मिळते ती खा, आणि कुठे ‘करी गोट’, म्हणजे बकऱ्याचं मसालेदार मटण, दिसलं तर तेही. बेटावर तो मसाला १८४५पासून गेलेल्या आपल्याकडच्या गिरमिटियांनी, म्हणजे करारावरच्या मजुरांनी, नेला.