ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच एक्सेल फाइलच्या चार-पाच प्रती फिरतात, खरी कोणती ते कळत नाही. काय करावं?

ग्रुपवर फाइल पाठवणं पूर्ण बंद करा, फक्त लिंक द्या. जोडलेली फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाची वेगळी प्रत होते आणि बदल त्या प्रतीतच अडकतात. नावात 'फायनल २' लिहून ते सुटत नाही. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, फाइल मेनूतून गूगल शीट म्हणून साठवा आणि लिंक ग्रुपमध्ये पिन करा. भरणाऱ्यांना ई-मेलनुसार 'एडिटर' करा, बाकीच्यांना 'व्ह्यूअर'. लिंक असलेल्या कुणालाही बदल करू देणं हीच घोळाची सुरुवात. सूत्रांचे रकाने डेटा मेनूतून प्रोटेक्ट करा. साधा फिल्टर कुणी लावला की सगळ्यांच्याच ओळी गायब होतात आणि 'डेटा उडाला' अशी ओरड होते. म्हणून प्रत्येकाने 'फिल्टर व्ह्यू' वापरायचा, तो इतरांच्या ओळी लपवत नाही. खरंच काही पुसलं गेलं, तर व्हर्जन हिस्टरीत कोणी, कधी बदललं ते दिसतं आणि जुनी आवृत्ती परत आणता येते.

निरोपही नेमका हवा. 'शीट बघून घ्या' म्हटलं की कुणीच बघत नाही. जी चौकट भरायची तिच्यावर कॉमेंट टाका, @ लावून ई-मेल लिहा आणि काम 'असाइन' करा:

'सुनीताताई, जूनचा वाहतूक खर्च गुरुवारी ४ वाजेपर्यंत भरा.'

त्यांना थेट मेल जातो.

मात्र फाइलमध्ये एक्सेलचे मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करणाऱ्या आज्ञा) असतील तर ते गूगल शीटमध्ये चालत नाहीत. अशी फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवर) ठेवून डेस्कटॉप एक्सेलमध्येच उघडा.