ओल्या बरसीमवर कालवडी सोडल्या आणि पोट फुगलं

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरचे, सांवेरकडे साडेतीन एकर आणि विहीर आहे. मुलीकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो, तिथे मांसासाठी पाळलेली गुरं पाण्यावरच्या हिरव्या कुरणात आळीपाळीने चारतात ते बघून मी पण बरसीम (हिरव्या चाऱ्याचं पीक) लावली आणि 9 कालवडी सोडल्या. तिसऱ्याच दिवशी सकाळी एकीचं पोट डावीकडून फुगलं, डॉक्टर येईपर्यंत गेली. आता पुन्हा सोडू का?

उत्तर : दादा, वाचून फार वाईट वाटलं. सोडा, पण आत्ता करताय तसं नको. कोवळ्या बरसीमने पोटात साबणासारखा फेस होतो, गॅस त्यात अडकतो, जनावराला ढेकर देता येत नाही आणि फुगलेलं पोट फुफ्फुसं दाबतं, म्हणून तासा-दोन तासांत खेळ संपतो. त्यात सकाळचं दव आणि रात्रभराची भूक, म्हणजे जनावर अधाशासारखं खातं. आधी गव्हाचा भुसा पोटभर घाला, दव सुकू द्या, मग पहिले दिवस पंधरा-वीस मिनिटंच, आठवडाभरात हळूहळू वाढवा. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरताना बरसीममध्ये जई (ओट) मिसळा, नुसती बरसीम चरायला ठेवूच नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

कधी फुगलंच तर जनावर लगेच बाहेर काढा, पुढचे पाय चढावर येतील असं उभं करा, तोंडात आडवी काठी बांधा म्हणजे लाळ सुटते, आणि दीडशे-दोनशे मिली गोडंतेल हळूहळू पाजा. मान फार वर ओढू नका, तेल फुफ्फुसात जातं. डॉक्टरला फोन मात्र आधी.

तिकडचं खरं शिकण्यासारखं म्हणजे तार. रोज एका दिवसापुरती पट्टी तारेने बांधायची, बोटभर उंचीचं खोड ठेवून पुढे सरकायचं आणि मोकळ्या पट्टीला 25-30 दिवस विश्रांती. पट्टीला पाणी चरून झाल्यावरच द्या, आधी नको. आपली माळव्याची काळी माती ओली असताना खुरांनी तुडवली की चिखल घट्ट बसतो आणि मुळंच दबतात, मग फुटवा येत नाही. मला वाटतं तुमचं निम्मं कुरण यानेच जाईल, म्हणून ओलावा उतरेपर्यंत चार-पाच दिवस कापून गोठ्यातच घाला.

एप्रिलनंतर बरसीम संपते, तेव्हा लोक चरी म्हणजे चाऱ्याची ज्वारी लावतात. ती 45 दिवसांच्या आत किंवा पाण्याविना सुकलेली असताना मुळीच चारू नका, त्यात सायनाइडचं विष असतं, फुलोऱ्यावर आली की मग कापा.