आत्मविश्वास दोन दिवसांत ओसरतो. तो टिकवायचा कसा?

तुम्ही लिहिले आहे की यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसजवळच्या गावात बी.कॉम. करून तुम्ही अमरावतीला बँकेच्या परीक्षांची तयारी करत आहात, लेखी परीक्षेत गुणही मिळतात, परंतु वर्गात उभे राहून बोलायची वेळ आली की ‘मले’ किंवा ‘काहून’ असा वऱ्हाडी शब्द तोंडातून निसटेल आणि पोरे हसतील या धास्तीने गप्प बसता. आरशासमोर ‘मी समर्थ आहे’ असे रोज म्हणून पाहिले, तर दोन दिवस उभारी आली आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त खचल्यासारखे झाले. मी तुमच्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात महिला बचत गटांचे हिशेब लिहिते. दहावीनंतर लग्न झाले, बी.ए. मुक्त विद्यापीठातून पुढे बऱ्याच वर्षांनी केले; तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार केवळ अनुभवाचा आणि थोड्या वाचनाचा आहे.

आरशाचा उपाय फसला यात तुमचा दोष नाही. 2009 मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला होता. ‘मी प्रेमास पात्र व्यक्ती आहे’ असे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच चांगले होते त्यांना किंचित बरे वाटले, पण ज्यांचे मत वाईट होते त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटले. याचे कारण समजणे अवघड नाही. मन साक्षीदार मागते, आणि आपण त्याच्यापुढे नुसती घोषणा ठेवतो.

मी गटाची लिपिका झाले ते अक्षर बरे होते म्हणून. पहिल्याच वर्षअखेरीस पेटीतली रोकड वहीतल्या शिलकेपेक्षा 270 रुपयांनी कमी भरली. कोणी चोरीचा आळ घेतला नाही, पण बैठकीत सगळ्या जणी गप्प झाल्या आणि ती शांतता मला आजही आठवते. रात्रभर माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होते, की हे आपले काम नव्हेच, आपण उगाच शिकलेल्या बायांत मिरवायला गेलो. दुसऱ्या दिवशी वही परत करण्याच्या तयारीने मी बँकेत गेले. तिथल्या एका वयस्क कर्मचाऱ्याने माझे रडगाणे अर्ध्यात थांबवून विचारले, “बाई, कोन्त्या तारखेलोक जुयत होतं, थे पाह्य पहिले.” मग त्यांनी सांगितले की फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते. आम्ही मागे मागे जात राहिलो. ऑगस्टपर्यंत सगळे जुळत होते; सप्टेंबरमध्ये बँकेत भरलेले 630 रुपये मी वहीत 360 असे लिहिले होते, आणि भरणा पावती त्याच वहीत टाचलेली होती.

चूक सापडल्याच्या आनंदापेक्षा त्या प्रश्नाचा उपयोग मला पुढे जास्त झाला. ‘मला जमत नाही’ ही शंका नेहमी मोघम असते. तिला तारीख नसते, ओळ नसते, म्हणूनच तिला उत्तर देता येत नाही. तिला तारीख विचारली की बहुतेक वेळा ती आक्रसून एखाद्या कामाएवढी होते. तुमच्या बाबतीत विचारून पाहा: बोलणे कुठपर्यंत जमते? घरी जमते, खोलीतल्या मित्राशी जमते, बाकावर बसून शेजाऱ्याला उदाहरण समजावून सांगणेही जमत असेल. मग अडते ते नेमके कुठे: उभे राहताना, पहिले वाक्य सुरू करताना, की शिक्षकांनी उलट प्रश्न विचारल्यावर? यांतल्या प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी आहे.

अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये मांडलेला सिद्धान्त मी नंतर वाचला, तेव्हा हे ओळखीचे वाटले. एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल, हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो ते काम स्वतः पार पाडल्याने, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, कोणी धीर देणे आणि त्या वेळची शरीराची अवस्था यांचाही परिणाम होतो, पण तो दुय्यम. सापाची अतोनात भीती असलेल्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले होते. नुसती चित्रफीत पाहणाऱ्यांपेक्षा, मदतनिसाने आधी स्वतः करून दाखवून पायरी पायरीने ज्यांना सापाजवळ नेले, त्यांची भीती कितीतरी अधिक गेली. (आपल्याकडे तुरीत काम करताना सापाला भिऊन असणे हे शहाणपणच आहे, हा भाग वेगळा.) आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली आहे: केवळ सोप्या यशावर उभा राहिलेला विश्वास पहिल्या अपयशात कोसळतो, अडचण ओलांडून मिळालेला टिकतो. माझ्यापुरते मला हे पटते, कारण 270 रुपयांचा फरक पडला नसता तर पुढच्या वर्षी पडलेल्या फरकाला मी तितक्याच घाबरून सामोरी गेले असते. अर्थात हिशेबातला विश्वास हिशेबापुरताच राहिला. स्कूटी मला अजूनही चालवता येत नाही.

म्हणून एक साधी वही करा. त्यात भावना लिहू नका, फक्त घडलेले लिहा: तारीख, कुठे बोललो, किती वाक्ये बोललो, कुठे अडलो. पहिल्या आठवड्यात वर्गात एकच प्रश्न विचारा, तोही आधी कागदावर लिहून. मी ग्रामसभेत पहिल्यांदा बोलले ते एकच वाक्य होते, हातपंपाबद्दल, आणि ते मी घरी चुलीपुढे इतक्या वेळा म्हटले होते की सासूबाईंना पाठ झाले होते.

लोक हसतील या भीतीविषयी थोडे सांगते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच तो लक्षात राहिला. मात्र हा निष्कर्ष आपल्या गावाला जसाच्या तसा लावायला मी तयार नाही. गावात लोक खरोखर पाहतात आणि दहा वर्षांनीही आठवण करून देतात. अमरावतीच्या वर्गात तसे नाही. तिथे ज्याला त्याला स्वतःच्या पाळीची काळजी असते.

वऱ्हाडीची लाज तर मुळीच बाळगू नका. ज्या अमरावती जिल्ह्यात तुम्ही शिकता, तिथल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या लोकांनी तेराव्या शतकात मराठी गद्य लिहिले. औपचारिक ठिकाणी बोलताना प्रमाण मराठी लागेल, हे खरे; ती कपाटातल्या चांगल्या कपड्यासारखी वापरायला शिका, रोजचे कपडे जाळून टाकण्याची गरज नाही.

एक मात्र वेगळे काढते. झोप आणि भूक दोन-दोन आठवडे उडाली असेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर त्यावर वही पुरणार नाही. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि त्यात कमीपणा नाही.

प्रभागसंघाच्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या संघाच्या, सभेत अहवाल वाचताना माझा हात आजही थरथरतो. ते कोणाला कळत नाही, कारण मी कागद हातात धरत नाही, टेबलावर ठेवून वाचते. मुलाखतीला फाइल न्याल तेव्हा तुम्हीही तसेच करा.